शेजार

सहाव्या वर्षी दात हलतातच,
म्हणून लामारोने आधी मनावर घेतलं नाही.
पडलेली दाढ किटेंगेच्या टोकाला बांधून
अच्वा नदी ओलांडून आली, एका मोटारसायकलवर तिघं,
आणि गुलूच्या दवाखान्यात, माझ्या काचपट्ट्यांशेजारी
गाठ सोडली.
"ही दुधाची नव्हती," म्हणाली.

जबड्यातला तुकडा मी रंगवला, निळा-गुलाबी.
भिंगाखाली रात्र:
गच्च निळ्या पेशी, खेटून खेटून,
मधेमधे फिकट ठिपके.
पुस्तकात याला चांदण्यांचं आभाळ म्हणतात.
चांदण्या कसल्या,
मेलेल्यांना गिळून पोट फुगलेल्या पेशी त्या.

लामारो विचारते, कुणाची नजर लागली?
कुणी काही बोललं का याला?

बोललं तर होतं.
पेशीपेशीत असतं ते, एवढंसं प्रथिन,
जोडीदाराचा हात धरून
ठरावीक अक्षरांवर येऊन बसतं
आणि म्हणतं: इथून वाचा.
वाचलं की पेशी खाते, भरते, एकीच्या दोन होते.
त्याच्याच सांगण्यावरून हा पोटात वाढला,
याचा खरचटलेला गुडघा भरला.
सांगतं, आणि अर्ध्या तासात विरून जातं.

ओर्येमच्या एका पेशीत, कुठल्याशा रात्री,
आठव्या धाग्याचा शेंडा तुटला
आणि चौदाव्याला जाऊन चिकटला,
जिथे तापाशी लढायचं सामान घडतं,
जिथली भट्टी विझतच नाही.
मजकूर जवळपास तोच.
शेजार बदलला.
आता एक विरायच्या आत दुसरं, दुसऱ्याच्या आत तिसरं,
इथून वाचा, इथून वाचा, इथून
आणि पेशी बिचारी सांगितलेलं ऐकणारी.

यातलं मी तिला एवढंच सांगितलं:
शिवी नव्हती, बाई. चांगलाच शब्द होता,
थांबायचं विसरला.

ती गप्प. मग म्हणाली,
"आमच्या गावच्या उपदेशकासारखा."
हसलो दोघी, उगाच जास्त.

दुपारी सलाईन लागेल.
इतक्या झपाट्याने चढणारं कधी तितक्याच झपाट्याने उतरतं;
आठवड्यात गाल जागेवर आलेला मी पाहिलाय.
न आलेलाही.

ओर्येम दाढ मागतो.
छपरावर फेकायची असते म्हणे.
दवाखान्याचं छप्पर उंच.
दोनदा फेकली, दोनदा पत्र्यावरून घरंगळत खाली आली.
गवतात शोधायला मी वाकते,
तो वरूनच सांगतोय:
तिथे नाही, अजून पुढे.