पावणेतीन इंच

ओझरहून विमान उठलं, पट्ट्याचा दिवा विझला,
आणि पुढच्या सीटवरचा माणूस
न बघता, न विचारता
माझ्या गुडघ्यांवर येऊन निजला.

मान्य, बटण त्याच्याच हाताशी आहे.
पण ट्रेवरचा चहा हिंदकळला,
घरून आणलेल्या चिवड्याची पुडी छातीला लागली,
आणि पेपर असा दुमडला
की अर्धाच मथळा वाचता यावा.

मी सीटचाच माणूस.
द्वारकेला, पुलाच्या सावलीत, एकतीस वर्षं
रेक्झिन, फोम, मेणाचा दोरा, दाभण.
आधी रिक्षांच्या गाद्या, मग शाळेच्या व्हॅनी,
हल्ली लक्झरी बसा.
उसवलेली शिवण दिसली की बोटं शिवशिवतात.
ह्या पाठीचे डावीकडचे सहा टाके गेलेत.
इथून दाभण घातला,
जरा जास्तच खोल घातला
तर...
नको. असले विचार विमानात करू नयेत.

काय म्हणतात अशा वेळी?
एसटीत 'सरका हो जरा' म्हटलं
की तिघांच्या बाकावर चौथा मावतो,
वर कुणाचं तरी पोर मांडीवर येतं.
इथे आवाज फुटेना.
टकटक करावं? कुठे? सीटवर, की खांद्यावर?
खोकून पाहिलं. दोनदा.
दुसऱ्यांदा शेजारणीने तोंडावर रुमाल धरला.

माझा निफाडचा मामा दर नांगरटीला
शेजाऱ्याचा बांध कोरायचा, एका फाळाने.
वर्षाला चार बोटं. भांडण कोर्टात गेलं,
मामा गेला, भांडण आहे.
खाली बघितलं तर सिन्नरकडची शेततळी,
निळे चौकोन, आणि बागांच्या सरळ रेघा.
द्राक्षवेलीलासुद्धा
दोन ओळींत नऊ फूट सोडतात.

आणि मग आठवलं, मी चाललोय कशाला.
आडगाव नाक्याचे टेंभेकर शेठ,
त्यांच्या तीन नव्या बसा, तिकीटही त्यांचंच.
"हैदराबादला सीटा बघून या, मेस्तरी.
पातळ बघा. अकराच्या बारा रांगा
बसल्या पाहिजेत."
मी तिथेच लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे
हिशोब मांडला होता :
रांगेमागे पावणेतीन इंच.
"कुणाला कळतंय," असं म्हणालो होतो.
शेठ नाही. मी.

पुढचा झोपेत वळला. फटीतून दिसलं,
त्याचेही गुडघे त्याच्या पुढच्या पाठीला टेकलेले,
चप्पल काढून एक पाय वर घेतलेला, पोरासारखा.
उरलेल्यातलंच ओढत होता बिचारा.
बांध कोरणारा कुणीतरी वेगळाच,
आणि तो काही ह्या रांगेत बसायला येत नाही.
येतो एखादा, कधीतरी.

कंबर भरून आली.
बटण मलाही होतं.
मागे वळून बघितलं : कॉलेजची पोरगी,
ट्रेवर वही, पट्टीने कसलीशी आकृती काढत होती.
"मागे घेऊ का थोडी?"
तिला आधी प्रश्नच कळला नाही.
मग तिने खरोखर वही सरकवून पाहिली,
पट्टी लावली, आणि म्हणाली,
"दोन बोटं चालतील, काका."
मी दोन बोटं घेतली.
एवढ्यानेही पाठ सुटते,
हे एकतीस वर्षांत कुणी गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं म्हणा.

उतरताना सगळ्यांच्या पाठी सरळ झाल्या.
पुढच्याने डोळे चोळत वळून विचारलं,
"लागलं नाही ना काही?"
म्हटलं, "छे." चहा सदऱ्यावर वाळला होता.

चाकं टेकली तोच शेठचा फोन.
"काय मेस्तरी, बसतात ना बारा?"
मी गुडघे चोळत होतो.
म्हटलं, "शेठ, एकदा तुम्हीच या ना.
खिडकीची नको.
मधली घ्या."