आपोआप

फ्लँजला आठ भोकं.
पाच काढून झाली, सहाव्याचा मध्य धरला
आणि पडदा काळा.
मग पंख्याची घरघर, कंपनीचं नाव,
आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं
दारात उभ्या पोरासारखा
कोरा पडदा.

हा मी स्वतः जोडलेला.
बोर्ड शाहूपुरीतून, रॅम मुबीनची जुनी,
खोका तर भंगारातला, तीनशे रुपये,
एका बाजूचा पत्रा कानस मारून बसवलेला.
उद्यमनगरात बावीस वर्षं
दुसऱ्यांच्या पंपांची ड्रॉइंगं काढली,
म्हटलं, एक यंत्र तरी आपल्या हातचं असावं.

पहिला संशय रॅमवर.
काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले,
एक लावली, दुसरी लावली, जागा बदलल्या.
चाळीस मिनिटं चाललं. मग गेलं.
प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली,
चपातीला तूप लावावं तशी.
मुबीन म्हणाला, हात आखडता घे, पाहुणे नाहीत आले.
तापमान बावन्न. म्हणजे ताप नव्हता.
पॉवर सप्लाय उसना आणला,
त्याच्यासह पुन्हा तेच.
सहावं भोक.

मग वहीत वेळा लिहायला लागलो.
अकरा वीस. अकरा सत्तेचाळीस. साडेबारा.
रात्री एकदाही नाही.
आणि चैत्र चाललेला,
समोर शेवंताक्कांचा डंक दहापासून सुरू,
बायकांची रांग, पिशव्यांतून संकेश्वरी आणि ब्याडगी,
भाजलेल्या खोबऱ्याचा वास थेट माझ्या टेबलापर्यंत.
मोटर धरली की आमची ट्यूब डोळा मारते.
सापडला, म्हटलं.

गेलो वही घेऊन.
"अक्का, मोटर कधी कधी चालू करता?"
त्यांनी वही बघितली, मग मला.
"का रं धैर्या, लाईट बोर्डात लागलास व्हय?"
रांग हसली.
"आन् काल तर पट्टाच तुटला हुता. दिवसभर बंद."
वहीत काल:
अकरा पाच, बारा चाळीस, तीन दहा.

परत येऊन बराच वेळ नुसता बसलो.
ज्याच्यावर आळ घ्यावा असं
आता घरात फक्त मीच उरलो होतो,
माझे स्क्रू, माझं घाईत बसवणं.

रात्री एकेक वायर उपटली.
दिव्यांच्या गेल्या, स्पीकरची गेली,
शेवटी रिसेट बटणाची, केसासारखी दोन टोकं.
दुसऱ्या दिवशी
ऊन खिडकीतून खोक्यावर आलं, टेबलावर चढलं,
भिंतीवरून उतरून गेलं.
सहावं भोक. सातवं. आठवं.
मी सेव्ह केलं तेव्हा
हात उगाच थरथरला.

बटण खोलून पाहिलं.
आत लालसर, तेलकट गाळ.
रात्री घट्ट, उन्हानं मऊ,
मऊ झाला की बटण आपलं आपण आत सरकायचं,
टेकायचं.
नाकाशी नेला आणि
लागोपाठ चार शिंका.

म्हणजे तो बंद पडतच नव्हता.
कुणीतरी त्याला सारखं सांगत होतं,
पुन्हा सुरू कर,
आणि तो निमूट ऐकत होता.
पंधरा दिवस मी
त्याच्या आज्ञाधारकपणावर औषध शोधत होतो.

ते बटण अजून जागेवर आहे,
वायर नसलेलं.
दाबलं तर काही होत नाही.
कधी कधी दाबून बघतो.

शेवंताक्कांनी परवा दारातून हाक मारली,
"काय, माझा डंक न्हाई न्हवं?"
म्हटलं, न्हाई अक्का, वायरीचा दोष.
त्यांनी वर्तमानपत्रात बांधून
पावशेर कांदा-लसूण चटणी दिली.
घेतली.
खिडकी लावली,
आणि पुडी स्वयंपाकघरात,
अगदी आतल्या फळीवर ठेवली.