सातशे मिलिसेकंद

हडर्सफील्ड. तळघरातला स्टुडिओ.
वरच्या खिडकीच्या पट्टीत जाणाऱ्या-येणाऱ्यांचे नुसते बूट
आणि ओली फरशी.
सेल्विन ऑल्डरॉइड पेटी उघडतो,
यूफोनियम मांडीवर घेतो.
एकेचाळीस वर्षं लोकरीच्या गिरणीच्या बँडमध्ये,
शेवटून दुसरी खुर्ची.
गिरणीत आता फ्लॅट आहेत. खुर्ची त्यानं घरी नेली.

माझ्या संशोधनाचा विषय, निधी देणाऱ्यांना कळवलेला:
यंत्र वादकाला कसं ऐकतं.
खरा प्रश्न एवढासाच:
तो थांबला, हे यंत्राला कधी कळावं?

कोडमध्ये त्या आकड्याचं नाव मी ठेवलंय उंबरठा.
सातशे मिलिसेकंद शांतता झाली की
वाक्य संपलं, आत या, उत्तर द्या.

सेल्विन एक लांब स्वर उतरवत आणतो,
श्वासासाठी ओठ सोडतो
आणि स्पीकर सुरू!
त्याचेच स्वर, उलटे, बारीक चिरलेले,
भलत्या उत्साहात.
तो वाद्य खाली ठेवतो.
"पोराला तुझ्या मोठ्यांच्या बोलण्यात
तोंड घालायची खोड आहे."
शब्द त्याचे यॉर्कशरचे. मला ऐकू आलं ते असंच.

नऊशे केले. मग बाराशे.
बाराशेला यंत्र आदबशीर झालं, आणि मठ्ठ,
पानावरून उठून हात धुतल्यावर
वाढायला येणाऱ्यासारखं.

एकशे चाळीस श्वास मोजले, आलेख काढले.
सरासरी निघाली. सेल्विन तिच्यात कुठेच नव्हता.
जिना उतरून आल्यावर त्याचा दम वेगळा,
चर्चच्या जुन्या चालीत वेगळा,
आणि एका जागी, दर वेळी त्याच,
तो थांबतो पण श्वास घेतच नाही.

"तिथे काय आहे?"
"तिथे ब्रायर्लीचा कॉर्नेट आहे," म्हणाला.
आहे, म्हणाला.
ब्रायर्लीबद्दल मी पुढे विचारलं नाही.
रेडिएटरचा पाइप तेवढा दोनदा खणखणला
आणि यंत्रानं त्याला मनापासून उत्तर दिलं.

सिद्धांताच्या प्रकरणात हे बसेना.
शांततेची लांबी मोजता येते,
ती कुणासाठी राखून ठेवलीय हे नाही.
मग एकदा नजर खाली गेली:
त्या रिकाम्या जागेत त्याचा डावा बूट
हलत होता, एक, दोन, तीन, चार.

फरशीला एक छोटा मायक्रोफोन चिकटवलाय.
आता बूट वाजतो आहे तोवर
यंत्र बाहेर उभं राहतं.