दोन रात्री, गांधीनगर

घरापासून रिक्षानं वीस मिनिटं,
तरी तू दाराला दोन कुलपं लावलीस
आणि आक्काताईंना सांगितलंस, "परगावी चाललोय."

लॉजखाली कापडाची ठोक दुकानं.
हशमतरायनं आधी पापड दिला, मग पाणी,
मग गादीवर साड्या फेकल्या:
"घ्या की ओ वैनी, सुरतेचा माल हाय."

त्याच्या आईच्या भाषेत काही अक्षरं
श्वास आत ओढून म्हणायची असतात.
तिनं शिकवलं, तुला जमेना, दोघी हसलात.

मग ती सांगत बसली:
आम्ही आलो तेव्हा बराकीच्या भिंतीवर
पेन्सिलीच्या रेघा होत्या,
कुणा पोलंडवाल्या पोराची उंची, सालवार.
सगळीकडं चुना मारला, तेवढी पट्टी सोडली.
तिच्याच शेजारी माझी पोरं मोजली.

रात्री पंखा कुरकुरत होता.
तू म्हणालीस, आपल्या घरात
एकही रेघ नाही.
मी कूस बदलली नाही. झोपलोही नाही.

सकाळी दाल-पकवान मोडताना
तुझ्या तोंडून ते अक्षर एकदम निघालं,
पुरतं आत ओढलेलं.
चहावाला पोऱ्या वळून बघायला लागला.