डावा टेललाइट

वादी कबीरच्या गल्लीत, स्पेअर पार्टच्या काउंटरमागे,
एकतीस वर्षं मी नंबर पाठ केले
लहानपणी पावकी-निमकी केली तसे.
कुणी नुसतं म्हणावं, "कोरोला, त्र्याण्णव, पुढचा ब्रेक,"
की हात आपोआप तिसऱ्या फळीवर.
कुलदैवताचं स्तोत्र अडखळतं आता मधेच.
ऑइल फिल्टरचा नंबर नाही अडखळत.

त्या गाडीकडे तेव्हा बघायचं तरी कोण?
पांढरी, चौकोनी, जिथे तिथे तीच.
रुवीच्या पार्किंगात आपली कुठली ते कळायला
आरशाला काहीतरी बांधावं लागे.
आमच्या मांजरेकरनं बांधला होता
स्वतःच्या मुंडावळ्यांचा उरलेला तुकडा.

खमीसची टॅक्सी तसलीच, फक्त मडगार्डं नारिंगी.
रिव्हर्स घेताना तो मागे बघत नसे.
वर्षा-दीड वर्षानं डावा टेललाइट फुटे
आणि तो हसत येई, खिशात लाल तुकडे घेऊन,
जणू मी ते ओळखून दाखवायचे होते.
तीनदा झालं असं.
चौथ्या वेळेसाठी मी एक आधीच मागवून ठेवला.
खमीस काही आला नाही.

खोका माळ्यावर गेला.
दर डिसेंबरात माल मोजताना मी लिही :
डावा टेललाइट, नग एक.
पुढच्या रकान्यात मालक स्वतःच्या पेनानं :
डेड स्टॉक.
बावीस डिसेंबर.

मग या थंडीत एक पोरगा आला,
खमीसच्या भुवया घेऊन.
नाव जाहिर. मोबाइलवर फोटो :
इब्रीला, मामाच्या खजुरीच्या बागेत,
चाकांविना उभी ती.
"तैवानचा नको. चायनाचा नको. कंपनीचाच.
दुबईपर्यंत शोधला, काका."
मी शिडी लावली. गुडघे कुरकुरले.
फुंकर मारली, खोका उघडला,
आत लाल, पिवळा, पांढरा,
एकदाही न पेटलेला.
किमतीचा शिक्का : चार रियाल आठशे बैसा.
आतून मालक ओरडले, "चाळीस सांग!"
तोवर मी बिल फाडलं होतं.

फेब्रुवारीत कुरमला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन.
इंपाला, कॅडिलॅक, धोंड्याच्या जावयासारख्या
तुपात न्हाऊन बसलेल्या.
आणि पार टोकाला, झुडपांपाशी, दोरीच्या आत
कोरोला.
पाटी : हात लावू नये.

लोक आधी हसले.
"ही? ही तर काल-परवापर्यंत आमच्या बिल्डिंगखाली होती!"
मग हळूहळू गर्दी तिकडून इकडे सरकली.
एक मल्याळी नर्स, निवृत्तीला आलेली,
काच खाली करायचं हँडल
हवेतच फिरवून दाखवत होती नातवाला.
कुणी विचारलं, "एसी चालतो का?"
आणि पाच भाषांतले लोक एकदम हसले.
तिच्या बोनेटवर ज्यांनी पगार मोजला, पुन्हा मोजला,
ज्यांनी बाळंतीण आणली मागच्या सीटवर,
त्यांच्या हातांना ती दोरी कळेना.

अंधार पडल्यावर जाहिरनं दिवे लावले.
उजवा विटलेला, तीस उन्हाळ्यांचा.
डावा कोरा करकरीत.
जोडी जमत नव्हती.
परीक्षकानं वहीत काहीतरी टिपलं,
गुण कापले असणार.
मी म्हटलं, "जाहिर, उन्हात ठेव तिला. होईल."

परतताना पार्किंगात
दोन-अडीचशे पांढऱ्या गाड्या, आजच्या,
एकीकडेही कुणी बघत नव्हतं.
एक यारिस कुणीतरी न बघता मागे घेतली.
कट्ट्यावर आदळली. काच खळकन.

दुसऱ्या दिवशी मी ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवली :
यारिस, एकोणीस, डावा, नग एक, जादा.
मालकांनी अजून वाचलेलं नाही.
जूनमध्ये माझा व्हिसा संपतो,
मग राजापूर, कायमचं.
खोका माळ्यावर ठेवलाय,
शिडी लागते त्या बाजूला,
नवीन पोराच्या हाताला येईल असा.