कॉम्प्रेसर-तुरा

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, माझ्या लाँड्रीच्या वर,
गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती दोघं.
धुळपांचा अनंता, एसी मेकॅनिक, देवरुखकडचा,
आणि शगुफ्ता मुकादम, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला,
जिच्या बोलण्यात अजून दाभोळची खाडी.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटपली, गल्ली जेवून लवंडली
की सुरू होतो यांचा धिंगाणा.
तो डक्टच्या चंदेरी फॉइलचं धोतर नेसतो,
ती डोक्यावर टेबलफॅनची जाळी चढवते,
एका पायात चाळ, दुसऱ्यात हॉस्पिटलची सपाता.
लॅपटॉप ओल्या टॉवेलवर,
नाहीतर तापून मरतो.

गाणं म्हणजे काय, तर
तिच्या नानीचं हळदीचं गाणं
मध्येच चिरलेलं, उलटं फिरवलेलं,
आणि खाली धाड धाड धाड
बिघडलेला दीड टनी एसी.
अनंता त्याला बुवा म्हणतो.
"एवढं तालात कोण मरतं सांगा!"

गावी ह्याच्या बापाने शक्तीवाल्यांना
एका सवालात पहाटेपर्यंत अडकवलं होतं.
इथे सवाल ती टाकते, जबाब मशीन देतं,
आणि हा दोघांचंही न ऐकता नाचतो.

मला आवडायचं, असं म्हणणार नाही.
दोन थोबांच्या बाह्या करपल्या माझ्या हातून.

शेवटी समोरचे बू राशिद काठी टेकत वर निघाले.
मी मागे, भरपाईची वही घेऊन.
वाटलं, आता पोलीस.
म्हातारा दारात उभा राहिला. ऐकलं सगळं.
मग म्हणाला, "इसमें साँस किधर है?"

त्याचा बाप मोत्यांच्या होडीवर गायचा.
माणूस पाण्याखाली, वर दोर धरून बाकीचे,
आणि तोंड मिटून
छातीच्या तळातून ओढलेला एकच सूर.
तो त्याने काढला.
पत्रा थरथरला. एसी, देवाशप्पथ, वरमला.
माझ्या हातातली वही कधी मिटली कळलं नाही.

शगुफ्ताने रेकॉर्डचं बटण दाबलं तेव्हा
तो जिना उतरत होता.

पुन्हा आला नाही. बोलावलं तर म्हणे, गुडघे.
हाती लागल्या त्या नुसत्या चपला.
चौदा पायऱ्या, मधे मधे काठी,
आणि सातवीवर थांबून घेतलेला दम.

आता त्यांचं सगळं गाणं त्या जिन्यावरच चालतं.
सातवीला नानी थांबते, एसी थांबतो,
फॉइलसुद्धा वाजत नाही.
खाली मी इस्त्री उचलून धरतो हवेत,
आठवी पायरी येईपर्यंत.