ऑफिस टाइम

मार्चच्या एकतीस तारखेला भूमी अभिलेखने मला
शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं.
एक तारखेला, नऊ पन्नासला, मी चप्पल घालून
प्रतापनगरच्या आमच्या फाटकाशी उभी.
जायचं कुठंच नव्हतं.

फाटकाच्या उजव्या अंगाला दहा बाय तीनची पट्टी,
बांधकामातून उरलेली वाळू, फुटक्या टाइल्स.
इथं फुलं लावू, म्हटलं.
उन्हाळ्यात. नागपुरात.
शेजारचे लांजेवार पेपरातून डोकं न काढता हसले.

बिसन उईके हसले नाहीत.
माती उकरून त्यांनी मुठीत दाबली, वास घेतला,
शेणखत कालवलं, चुलीची राख टाकली.
"उन्हाले भेनारं लावूच नोका, मॅडम.
झिनिया लावा, गॅलार्डिया. कडेनं ऑफिस टाइम."
हे काय नाव झालं?
"दहाले उघडते, चारच्या आंधी मिटते.
सरकारी फूल हाय थे."

रोपं दाटीनं उगवली. उपटायला हात होईना.
"मया नोका करू. दोघात वीत सोडा."
तेहतीस वर्षं मी हद्दी मोजल्या.
एका वितेसाठी सख्खे भाऊ
मोजणीच्या साखळीवर पाय देऊन उभे राहिलेले पाहिले.
इथं वीत माझ्या हातात,
आणि उपटलेली रोपं ओच्यात.

पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा.
एक रांग खुडली. दुसरी
जीव झाला नाही म्हणून सोडली.
त्या रांगेत काठीला एकेक फूल आलं,
आणि लू सुटली तेव्हा सगळी रांग आडवी.
खुडलेल्यांना सहा-सहा फांद्या फुटल्या होत्या,
ती झाडं बुटकी, भांडकुदळ, जमिनीला धरून.

लांजेवारांनीही मग ईर्ष्येनं लावली.
युरिया दिला, कूलरचं उरलेलं पाणी दिलं.
त्यांच्याकडे पालेभाजीसारखा पाला झाला,
पानांच्या कडा खारानं करपल्या,
फूल एक नाही.
आता ते पेपर घरात वाचतात.

पहाटे पाचला पाणी. मुळाशी, पानांवर नाही.
नवतपा लागला त्या दिवशी दुपारी दोनला
खिडकीतून पाहिलं, सगळ्यांनी माना टाकलेल्या.
पाइप घेऊन धावणार, तेवढ्यात फोन लावला.
उईके जेवत असावेत. सावकाश म्हणाले,
"दुपारी टाकू द्या मान.
संध्याकाळी उचलते का, थे पाहा."
पाच, सव्वापाच, साडेपाच.
सात वाजता मी पडदा सरकवला.
उचलल्या होत्या.

आणि वाळलं फूल झाडावर ठेवायचं नाही, हे पुन्हा पुन्हा.
"बी धरलं का झाड म्हन्ते, झालं माहं काम."
मग?
"मंग काई नाई. बसून राह्यते."
माझ्या हातात कात्री होती.
मी थोडा वेळ तिचा खिळा बघत राहिले, सैल झालाय का.
तेव्हापासून रोज सकाळी स्टीलच्या वाटीत
वाळकी डोकी जमा होतात, लाल, पिवळी, मातकट,
आणि झाडं परत कळ्या धरतात, हट्टानं.

दहाला मी फाटकाशी असते.
ऑफिसचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं.
कडेची ओळ त्याच्याकडे बघत नाही,
एकेक करून उघडते, जांभळं, नारिंगी, पांढरं,
उशिरा येणाराही कुणी एखादा असतोच,
मान खाली घालून आत शिरल्यासारखा.
मनातल्या मनात मी हजेरी घेते.

जूनच्या मध्यावर एक दिवस दहा वाजले,
कुणीच उघडलं नाही.
साडेदहा. मी पुन्हा फोन लावला.
"आभाळ हाय ना, मॅडम. आज सुट्टी त्याइले."
अर्ज नाही, कारण नाही.

मी चप्पल काढली. चहा टाकला.
कूलरच्या मागे झिनियाचं एक वाळकं फूल
काल खुडायचं राहून गेलं होतं.
दिसलं मला.
राहू दिलं.